खानेसुमारीत पणजोबा सापडतात का?

२ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सोडलं, ते सरकारचा एक निर्णय हाती पडल्यावर. मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखले देताना हैदराबाद गॅझेटियरमधल्या नोंदींचा आधार घ्यायचा, असं त्यात म्हटलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी पुस्तक त्या दिवशी वैजापूरपासून उमरग्यापर्यंत घराघरांत पोचलं. वाचलं मात्र फारच थोड्यांनी. काही दिवसांतच जालना-बीडकडे बंजारा समाजाचे मोर्चे निघाले: त्याच पुस्तकात आमची नोंद जमात म्हणून आहे, तेव्हा आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या.

या गदारोळात एक समज मुरत गेला. हैदराबादेत कुठल्याशा कपाटात निजामाच्या काळातली मोठी वही आहे, तीत घरटी नावं आणि जाती लिहिलेल्या आहेत, आणि उर्दू-फारसी जाणणारा एखादा माणूस गाठला की आपला पणजोबा त्या वहीतून बाहेर काढता येईल. तशी वही खरोखरच लिहिली गेली होती, दर दहा वर्षांनी एकदा, खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत. पण ती ठेवली नाही. ठेवल्या त्या फक्त तिच्या बेरजा. या बेरजा फार मोलाच्या आहेत, परंतु पणजोबांसाठी नव्हे.

आधी तीन कागद वेगळे करू, कारण वर्तमानपत्रांतून त्यांची पार खिचडी झाली आहे. गॅझेट म्हणजे सरकारी राजपत्र: फर्मानं, नेमणुका, कायदे छापणारं. निजामाच्या राज्यात त्याला ‘जरीदा-ए-एलामिया’ म्हणत. गॅझेटियर हा वेगळाच ग्रंथ. जिल्ह्याजिल्ह्याची जमीन, पाऊस, पिकं, देवळं, दर्गे, जाती, बाजार यांची वर्णनं एकत्र करणारा. हैदराबाद राज्यावरचा असा खंड १९०९ साली निघाला. तो ज्यांनी रचला ते मिर्झा मेहदी खान हे त्याआधी राज्याच्या १८९१ आणि १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख होते. स्वाभाविकच गॅझेटियरमधली लोकसंख्या, धर्म, भाषा, जाती यांचे आकडे त्यांनी आपल्याच १९०१ च्या अहवालातून उचलले. म्हणून ‘हैदराबाद गॅझेट’ या नावाखाली आज ज्या जातवार आकड्यांची चर्चा चालते, तो माल मुळात खानेसुमारीचा आहे. ती कशी होत असे हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना काय विचारावं आणि काय विचारू नये, हे कळत नाही.

निजामाच्या राज्यात पहिली खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ ला झाली. वऱ्हाडात त्याही आधी, १८६७ साली, झाली होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, पण १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. पुढे १८९१, १९०१, १९११, १९२१, १९३१, १९४१ अशी मालिका चालली. राज्य निजामाचं आणि यंत्रणाही निजामाची, पण रकाने, सूचना आणि अहवालाचा साचा कलकत्त्याहून, नंतर दिल्लीहून येई. छापील अहवाल इंग्रजीत निघे आणि ‘सेन्सस ऑफ इंडिया’ या एकाच मालिकेत त्याला खंड क्रमांक मिळे. बडोदा, म्हैसूर अशा संस्थानांचं तसंच. सयाजीरावांच्या बडोद्याचे अहवाल तर इंग्रजांच्या प्रांतांनाही मागे टाकतील इतके बारकाईने केलेले आहेत. हैदराबादचे तितके नाहीत, पण व्याप्ती मोठी होती: ८२,६९८ चौरस मैल, म्हणजे जवळपास ब्रिटन बेटाएवढा मुलूख, आणि त्यात सरकारी गावांबरोबर जहागिऱ्या, उमरावांच्या पायगा, निजामाचं खासगी सर्फ-ए-खास, वतनदार संस्थानं असा सगळा गुंता.

१९३१ पर्यंत गणना एकाच रात्री होई. रात्र शक्यतो चांदण्याची निवडत, मोठ्या जत्रा आणि लग्नाची दाट तिथ टाळत. काम त्या रात्री सुरू होत नसे. काही आठवडे आधी घरांवर नंबर टाकून होत, गणक घरोघर जाऊन माणसं लिहून ठेवी. ठरलेल्या रात्री कंदील घेऊन तो पुन्हा फिरे, मधल्या काळात वारलेल्याचं नाव खोडी, जन्मलेलं पोर आणि मुक्कामाला आलेला पाहुणा वाढवी. गणक कोण? मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी पाटील, कुलकर्णी, शाळामास्तर; निजामी भाषेत पटेल-पटवारी. १९०१ च्या तक्त्यात सोळा रकाने होते. नाव, धर्म, स्त्री की पुरुष, लग्न झालंय की नाही, वय, जात, धंदा, जन्म कुठला, भाषा कोणती, लिहिता-वाचता येतं का, इंग्रजी येतं का, आणि शेवटी वेड, मुकेबहिरेपण, आंधळेपण, महारोग.

नावाच्या रकान्याबद्दल गणकांना एक सूचना असे, ती आजच्या वंशावळ शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. घरातल्या बाईचं नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर आग्रह धरू नका, नुसतं ‘स्त्री’ असं लिहा. कागद राहिले असते तरी पणज्यांपैकी कितीजणी नावानिशी सापडल्या असत्या, याची कल्पना यावरून यावी.

कागद राहिले नाहीत, ते पद्धतीमुळे. १९०१ पासून हिंदुस्थानभर चिठ्ठ्यांची पद्धत आली. तक्त्यातल्या प्रत्येक माणसाची माहिती एका लहान चिठ्ठीवर उतरवायची. धर्मानुसार चिठ्ठीचा रंग वेगळा. मग कारकून त्या चिठ्ठ्या खणाखणांत टाकून वर्गवारी करत: आधी वयाप्रमाणे मोजायच्या, पुन्हा एकत्र करून धंद्याप्रमाणे, पुन्हा भाषेप्रमाणे, पुन्हा जातीप्रमाणे. नावाचं काम तक्त्यापर्यंतच. चिठ्ठीचं काम बेरीज होईपर्यंत. तक्ते छापून झाले की गोदामभर कागद रद्दीत निघत. हे हैदराबादेतच झालं असं नव्हे, मुंबई इलाख्यात आणि बंगालमध्येही तेच झालं. सरकारला रयत किती आणि कसली हे हवं होतं; अमुक गावचा अमुक माणूस कोण, हे त्याला महसुलाच्या दप्तरातून आधीच माहीत होतं.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. तिथे घराघराचे मूळ तक्ते जपले जातात आणि ७२ वर्षांनी सर्वांना खुले होतात. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. १८९० चे जवळजवळ सगळे मात्र १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीने गेले. तेव्हा संशोधकांच्या मदतीला आल्या त्या राज्यांनी स्वतंत्रपणे केलेल्या गणना. न्यूयॉर्क राज्याने १८९२ मध्ये आपली गणना केली नसती तर जहाजातून उतरलेल्या हजारो कुटुंबांचा वीस वर्षांचा माग पुसला गेला असता. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी कागद उघडतात. १९२१ चे २०२२ च्या जानेवारीत उघडले. आपल्याकडे उघडायला मागे काही राहिलंच नाही. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ असं सांगतं की गणनेची वही पाहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि तिच्यातली नोंद न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. लोकांनी न घाबरता खरं सांगावं म्हणून ही तरतूद, आणि मला ती योग्यच वाटते.

मग बेरजांचं मोल कशात? एका दुष्काळापासून सुरुवात करू.

हैदराबाद राज्याची लोकसंख्या १८८१ मध्ये ९८ लाख ४५ हजार होती. १८९१ मध्ये ती १ कोटी १५ लाख ३७ हजार झाली, आणि १९०१ मध्ये १ कोटी ११ लाख ४१ हजारांवर उतरली. दहा वर्षांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट. राज्यभराचा हा आकडा फारसा भयंकर वाटत नाही. जिल्हे उघडले की मात्र वाचवत नाही. बीड १८९१ मध्ये ६ लाख ४३ हजारांच्या घरात होतं, १९०१ मध्ये ४ लाख ९२ हजारांवर आलं. चारांतला जवळपास एक माणूस गेला. परभणी ८ लाख ५ हजारांवरून ६ लाख ४६ हजारांवर, औरंगाबाद ८ लाख २९ हजारांवरून ७ लाख २१ हजारांवर. याच दहा वर्षांत तेलंगणातला वरंगळ जिल्हा मात्र वाढला. कारण १८९९-१९०० चा, म्हणजे शालिवाहन शके १८२१ चा दुष्काळ. तेलंगणात तळ्यांच्या पाण्यावर भाताची शेती. मराठवाड्यात काळी जमीन, कोरडवाहू ज्वारी-कापूस, आणि पाऊस गेला की सगळंच गेलं. त्यात प्लेग आणि पटकी. एका राज्याचे दोन हवामानी तुकडे किती वेगळ्या नशिबाचे होते, हे कुठल्याही बखरीपेक्षा या तक्त्यांतून जास्त उघड दिसतं. गेलेले सगळेच मेले असं मात्र समजू नये. कित्येक पोटासाठी बाहेर पडले, आणि ते कुठे गेले हे शोधायला जन्मस्थानाचा रकाना आहे. शेजारच्या प्रांतांच्या खंडांत ‘जन्म हैदराबाद राज्यात’ असा आकडा वेगळा दिलेला असतो. एका राज्याची तूट दुसऱ्याच्या जमेत शोधायची, अशी ही कामाची रीत.

दुसरा खड्डा १९२१ चा. १९११ मध्ये १ कोटी ३३ लाख ७५ हजार झालेली लोकसंख्या १ कोटी २४ लाख ७२ हजारांवर आली. पावणेसात टक्के घट. हा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा तडाखा. हैदराबाद शहर तर पाच लाखांवरून चार लाख चार हजारांवर घसरलं. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग धुऊन नेला होता, पुढे प्लेग वरचेवर येत राहिला, आणि शेवटी साथीचा ताप. त्यानंतर चित्र फिरलं: १९४१ मध्ये शहरात ७ लाख ३९ हजार माणसं होती.

इथे सावध करायला हवं. १८८१ ते १८९१ या दहा वर्षांत राज्य सतरा टक्क्यांनी वाढलेलं दिसतं. तेवढी पोरं खरोखर जन्मली का? काही जन्मली, पण काही आधीच होती, पहिल्या खेपेस मोजायची राहून गेली होती. नव्या कामात गणक गांगरलेले, डोंगरातले पाडे सुटलेले, लोकांना हा नवा कर वाटलेला. पहिल्या गणनेनंतरची वाढ नेहमी थोडी खोटी असते. वयांचंही असंच. तीस, चाळीस, पन्नास या वयांची माणसं अफाट, आणि एकतीस-एकोणचाळीसची जवळजवळ नाहीतच. जन्मतारीख माहीत नसलेला समाज वय अंदाजाने सांगतो, आणि अंदाज शून्यावर किंवा पाचावर थांबतो. शिक्षणाचे आकडे मात्र अविश्वास ठेवावा असे नाहीत, कारण फुगवायला त्यांत काही नव्हतंच: १९०१ मध्ये शंभरात तिघांना लिहिता-वाचता येई, आणि बायकांत हजारी तिघींना.

त्याहून मोठा सापळा सीमांचा. १९०५ मध्ये निजाम सरकारने जिल्ह्यांची फेररचना केली. एलगंदल जिल्ह्याचं करीमनगर झालं, इंदूरचं निजामाबाद. लिंगसुगूर जिल्हा मोडला. नळदुर्ग जिल्हा उस्मानाबाद या नावाने चालू लागला. नावं बदलली तेव्हा तालुकेही इकडचे तिकडे गेले. म्हणून १९०१ चा नळदुर्ग आणि १९११ चा उस्मानाबाद शेजारी ठेवून ‘एवढी वाढ झाली’ म्हणणं फसवं आहे. अहवालकारांना हे कळत होतं. नव्या हद्दींनुसार जुने आकडे पुन्हा मांडून दिलेले तक्ते बहुतेक खंडांत आहेत, फक्त ते शोधण्याचा कंटाळा करू नये. आणि सगळ्यात घोटाळा होतो तो ‘मराठवाडा’ या सदरात. जुन्या अहवालांत राज्याचे दोनच नैसर्गिक विभाग मानले आहेत, तेलंगणा आणि मराठवाडा, आणि त्यातल्या मराठवाड्यात गुलबर्गा, रायचूर, बीदर हे कानडी मुलूखही मोजले आहेत. ‘१९११ मध्ये मराठवाड्याची लोकसंख्या इतकी’ असं एखाद्या पुस्तकात वाचलं तर आधी पाहावं, त्यात रायचूर आहे का. मी पाहिलेल्या मराठी पुस्तकांत ही काळजी क्वचितच घेतलेली दिसते.

आता जातीचा रकाना, ज्याच्यासाठी आज सगळी धावपळ आहे.

१९०९ च्या गॅझेटियरमध्ये मराठवाड्याच्या जिल्ह्यांची वर्णनं वाचली, तर सर्वांत मोठी जात म्हणून कुणबी किंवा मराठा कुणबी येतात, आणि पुढे हजारांत एक आकडा असतो. हा आकडा बनला कसा? गावात पाटील-कुलकर्ण्याने माणसाने सांगितलं ते, किंवा त्याला ठाऊक होतं ते, लिहिलं. शब्द गावोगाव वेगळे: कुठे पोटजात, कुठे आडनाव, कुठे नुसता धंदा. मग हैदराबादच्या कचेरीत कारकुनांनी या शेकडो शब्दांची थोडक्या सदरांत बसवाबसव केली. म्हणजे छापील तक्त्यातली जात दोन चाळण्यांतून गेलेली असते, एक गावची, एक कचेरीची. त्यात १९०१ मध्ये खानेसुमारीचे कमिशनर रिझ्ले यांनी जातींची सामाजिक पायरी लावायचा उद्योग केला, आणि पुढच्या खेपांना देशभर अर्जांचा पाऊस पडला: आम्हाला क्षत्रिय लिहा, आम्हाला वैश्य लिहा. मुंबई इलाख्यात कुणबी स्वतःला मराठा लिहवून घेत आहेत हे तिथल्या अधिकाऱ्यांनीच नमूद केलं आहे. तेव्हा वर सरकायची ओढ होती. आज आरक्षणामुळे ओढीची दिशा बदलली. दोन्ही वेळी माणसं तीच आणि शेतं तीच.

संशोधकाला ही अडचण नव्हे, हाच कच्चा माल आहे. हैदराबादेत भाग्य रेड्डी वर्मा यांच्या चळवळीने अस्पृश्यांसाठी ‘आदि हिंदू’ हे नाव लावून धरलं, आणि १९३१ च्या खानेसुमारीत ते नाव सरकारी सदर म्हणून आलं. त्या तक्त्यातला आकडा किती अचूक, यापेक्षा ते सदर छापलं गेलं हीच मोठी घटना. धर्मवार टक्केवारीचं राजकारण तापत गेलं तसे कोणाला कुठल्या सदरात मोजलं यावर वाद वाढले, ते याच सदरांवरून. १९४१ च्या खंडात हे आणखी जाणवतं. त्या वेळी युद्धामुळे तक्ते कमी केले गेले, एका रात्रीची पद्धतही सोडून दिली होती. तो खंड वापरणाऱ्याने दुप्पट सावध असावं.

बंजाऱ्यांची गोष्ट या सगळ्यात जास्त बोलकी आहे. एकाच निजामी राज्यातले, एकाच बोलीचे लोक १९५६ मध्ये तीन राज्यांत वाटले गेले. तेलंगणातल्या बंजाऱ्यांना, म्हणजे तिथल्या लंबाड्यांना, १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले बंजारे विमुक्त जातींत राहिले. जुन्या अहवालांत ते सलग एक लोकसमूह म्हणून दिसतात, मधली रेघ नंतरची आहे. मागणी मान्य व्हावी की नाही हा वेगळा प्रश्न. पण ‘आम्ही तेच’ हा त्यांच्या म्हणण्यातला भाग जुने तक्ते खोडून काढत नाहीत.

मराठा-कुणबी वादात मात्र तक्ता एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. एखाद्या जिल्ह्यात दोन लाख कुणबी होते असं तो सांगेल. त्यांतले तुमचे कोण, हे सांगणार नाही. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयातच याची कबुली दडली आहे. त्यात नुसत्या गॅझेटियरवर दाखला मिळत नाही. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या गावात जमीन किंवा वास्तव्य होतं याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, आणि गावपातळीवरच्या समितीची चौकशी लागते. त्याच्या दोन वर्षं आधी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकाळातली कागदपत्रं धुंडाळायला हैदराबादही गाठलं होतं. पण व्यक्तीच्या नावानिशी नोंदी मिळतात त्या महसुली आणि शाळेच्या कागदांत: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, हक्क नोंद पत्रक, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर. पणजोबा असलेच तर तिथे आहेत. शेतसारा भरणाऱ्याला सरकार कधी विसरत नाही.

खानेसुमारीच्या घरातला एकच अपवाद, १९५१. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आलं होतं, सी. के. मूर्ती यांच्या देखरेखीखाली झालेली ही राज्याची शेवटची गणना. त्या वर्षी देशभर गणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावनिहाय, घरनिहाय नावांची प्रत उतरवून घेतली गेली, नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर म्हणून. आसाममुळे ते नाव आज गाजलेलं आहे, पण ते मराठवाड्यातही तयार झालं होतं, आणि कुणबी नोंदी शोधताना तपासायच्या कागदांच्या यादीत सरकारने त्यालाही जागा दिली. जातीची सरसकट मोजणी मात्र त्याच साली बंद झाली होती.

१९५१ च्या आकड्यांनी आणखी एक काम केलं, आणि त्याचा परिणाम आपण आजही भोगतो आहोत. भाषा. १९०१ मध्ये राज्यात तेलुगू बोलणारे सुमारे ४६ टक्के, मराठी २६, कानडी १४ आणि उर्दू १० टक्के होते. म्हणजे राज्यकारभाराची भाषा दहातल्या एकाची. हे प्रमाण पुढच्या पन्नास वर्षांत फार हललं नाही. फजल अली आयोगाने १९५५ मध्ये राज्यं नव्याने आखताना याच भाषिक तक्त्यांवर भिस्त ठेवली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद यांचा प्रश्न सोपा होता. बीदरचा नव्हता. तिथे मराठी चाळीसच्या आत, कानडी तिसाच्या आत, उरलेले उर्दू आणि तेलुगू; बहुमत कुणाचंच नाही. आयोगाने अख्खा जिल्हा तेलंगणाबरोबर ठेवायला सुचवलं. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे तीन तुकडे झाले: अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात, बीदर, भालकी, हुमनाबाद वगैरे म्हैसूरकडे, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा तालुके मराठी मुलखात आले, तर नांदेडमधले मुधोळ, भैंसा, जुक्कल, बिच्कुंदा हे भाग आंध्रात गेले. तालुक्याच्याही खाली उतरून महसुली सर्कलपर्यंत कात्री चालली, ती गावनिहाय भाषेचे आकडे हाताशी होते म्हणूनच. भालकी-औरादकडची गावं आजही महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहेत.

१९३१ नंतर पहिल्यांदा सर्व जातींची मोजणी आता १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाच्या जनगणनेत होणार आहे. १९३१ मध्ये देशभर ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितलं तसंच लिहिलं, तेव्हा ४६ लाखांहून अधिक नावं आली. ती सावरता न आल्याने जातींचे आकडे कधी प्रसिद्धच झाले नाहीत. कचेरीतली ती दुसरी चाळणी किती अवघड काम करत होती, हे त्यावरून कळतं. ती काय गिळत होती, हेही.

प्रत्यक्ष वाचायला बसायचं असेल तर १८८१ पासूनचे खंड जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. हैदराबादेत तार्नाक्याला तेलंगणा राज्य अभिलेखागार आहे, अफझलगंजला जुनं आसफिया, म्हणजे आताचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. इंग्रजी खंडांत बीड ‘भीर’ आणि नांदेड ‘नांदेर’ अशा स्पेलिंगने शोधावं लागतं. उर्दू कागदांवर साल फसली, म्हणजे महसुली असतं: त्यात ५९१ मिळवायचे, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९०, म्हणजे १३४० फसलीचा फेब्रुवारी तो १९३१ चा. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून हा एकाचा फरक. गावाची माहिती हवी असेल तर १९५१ च्या जिल्हा पुस्तिका सर्वांत सोयीच्या. जालन्याच्या माणसाने औरंगाबाद आणि परभणी दोन्ही मागवाव्यात, हिंगोलीच्या माणसाने परभणी. लातूर जिल्ह्यातल्या माणसाने आधी आपला तालुका पाहावा. लातूर-औसा उस्मानाबादच्या पुस्तिकेत मिळतील, उदगीर-निलंगा-अहमदपूर बीदरच्या.